मोटारीचें बळ कां ओसरतें?

"गाडी ओढत नाहीं", "गाडी पिकअप घेत नाहीं", या दोन तक्रारी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडीं केव्हांना केव्हां येतातच. सपाट रस्त्यावर, गाडींत एकटा माणूस असतांना, ही उणीव फारशी जाणवत नाहीं. परंतु तीच गाडी पांच माणसें व त्यांचें सामान घेऊन वाईहून पांचगणीकडे पसरणीच्या घाटास लागली, कीं खरी परीक्षा सुरू होते. पुढें माल लादलेला ट्रक सावकाश चढत असतो. समोरचा रस्ता मोकळा दिसतो. चालक बाजू घेतो, अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबतो. आणि एरवीं झेप घेणारी गाडी नुसता घोष करीत ट्रकच्या बरोबरीनेंच रेंगाळते. तेवढ्यांत वरच्या वळणावर बसचें तोंड दिसतें. अशा वेळीं गाडीच्या बळाचा प्रश्न सोयीचा राहत नाहीं, तो जिवाचा होतो.

बळ ओसरणें हा कांहीं स्वतंत्र रोग नव्हे. तें ताप येण्यासारखें एक लक्षण आहे. ताप हिंवतापानें येतो, पिकलेल्या गळवानें येतो आणि साध्या पडशानेंही येतो. नुसत्या तापावरून वैद्य औषध देत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र पुष्कळ ठिकाणीं लक्षणावरच औषध सुरू होतें. प्रथम प्लग बदलले जातात. गुण येत नाहीं म्हणून हवेचा फिल्टर. मग पेट्रोलचा पंप. मग एखादा महागडा सेन्सर. महिन्याभरांत मालकाचे हजारों रुपये खर्च होतात, आणि अखेरीस मागच्या एका चाकाचा ब्रेक घासत होता असें निष्पन्न होतें. यांत कारागिराची लबाडी असतेच असें नाहीं. बहुधा उणीव असते ती क्रमाची. तपासणीचा क्रम कोणता, आणि तो तसाच कां, हें समजलें म्हणजे मालकाला स्वतः पाना हातीं धरतां आला नाहीं, तरी मेस्त्रीशीं चार शब्द जाणतेपणानें बोलतां येतात.

प्रथम बळ उत्पन्न कसें होतें तें पाहूं. १८७६ सालीं जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें. आजच्या पेट्रोल-मोटारींचें इंजिन त्याच तत्त्वावर चालतें. सिलिंडर म्हणजे एक भक्कम नळकांडें, आणि त्यांत वर-खालीं सरकणारा दट्ट्या. पहिल्या टप्प्यांत दट्ट्या खालीं जातो व हवा आणि पेट्रोल आंत येतात. दुसऱ्यांत तो वर येऊन तें मिश्रण दाबतो. तिसऱ्यांत ठिणगी पडते, मिश्रण पेटतें व दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. चौथ्यांत जळका वायु बाहेर लोटला जातो. या चारांपैकीं एकाच टप्प्यांत काम पदरांत पडतें. बाकीचे तीन त्याच्या तयारीचे व आवराआवरीचे.

घरच्या चुलीशीं याचें नातें जवळचें आहे. चूल नीट पेटावयास हवा लागते, सर्पण लागतें, वेळेवर काडी लागते आणि धूर जाण्यास वाट लागते. इंजिनाला या चारांखेरीज पांचवी गोष्ट लागते, ती म्हणजे दाब. हवा, इंधन, ठिणगी, दाब आणि निकास या पांचांपैकीं एकींत उणें पडलें, कीं बळ उणें पडतें. पांचही ठीक असून गाडी ओढत नसेल, तर इंजिनानें निर्माण केलेलें बळ चाकांपर्यंत पोंचण्यापूर्वींच वाटेंत कोठें तरी वायां जात आहे, असें समजावें. सारी तपासणी या सहा दारांशींच फिरते.

यांत हवेचा वांटा किती मोठा असतो, याची पुष्कळांना कल्पना नसते. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. आकारमानाच्या हिशेबानें पाहिलें तर एक लिटर पेट्रोलला समुद्रकांठची सुमारें नऊ हजार लिटर हवा खर्ची पडते. म्हणजे इंजिन पेट्रोल पितें त्याहून कितीतरी अधिक तें श्वास घेतें.

यावरूनच एक महत्त्वाची गोष्ट कळते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतेराशें मीटर उंच आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षां सुमारें आठव्या हिश्शानें विरळ असते. साहजिकच मुंबईची पूर्ण निरोगी गाडीही तेथें आपल्या बळाचा जवळजवळ तेवढाच भाग गमावते. हा दोष नव्हे, निसर्ग आहे. टर्बो नांवाचा हवा कोंबणारा पंखा ज्या इंजिनास असतो, त्याची ही तूट पुष्कळ अंशीं भरून निघते. वातानुकूलन यंत्र चालू असलें तर तेंही आपला हिस्सा इंजिनाकडूनच घेतें, आणि लहान इंजिनाच्या गाडींत तो चढावर चांगलाच जाणवतो.

इंधनाविषयींही अशीच समजूत हवी. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. यांतील कांहीं इथेनॉल आपल्याकडील उसापासून होतें. समान आकारमानाच्या पेट्रोलपेक्षां त्यांत सुमारें एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळें अशा मिश्रणाच्या एका लिटरांत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. परंतु हा फरक मुख्यतः लिटरमागें पडणाऱ्या किलोमीटरांत दिसतो. गाडी एकाएकीं निम्म्या जोरानें चढूं लागली, तर त्याचें खापर इथेनॉलवर फोडून स्वस्थ बसणें बरें नव्हे. गाडीची तुलना शेजाऱ्याच्या गाडीशीं न करतां तिच्याच पूर्वीच्या वागण्याशीं करावी. तोच चढ, तेवढींच माणसें, तोच गिअर, आणि पूर्वीं सहज गांठला जाणारा वेग आतां गांठला जात नाहीं, असें दिसलें म्हणजे तक्रार खरी.

तक्रार खरी ठरल्यावर पाना उचलण्यापूर्वीं हकीगत विचारावी. बळ एका दिवसांत गेलें कीं महिनोन्‌महिने ओसरत आलें? एका दिवसांत गेलें असेल, तर कांहीं तरी तुटलें, सुटलें वा बंद पडलें असावें. सावकाश गेलें असेल, तर कांहीं तरी झिजत वा तुंबत आलें असावें. इंजिन थंड असतांना त्रास होतो कीं तापल्यावर? तापल्यावरच होत असेल तर एखादी कॉईल वा पंप उष्णतेनें हात टेकत असण्याचा संभव असतो. त्रास सुरू होण्यापूर्वीं काय घडलें होतें? नव्या ठिकाणीं पेट्रोल भरलें होतें काय? मोठा पाऊस झाला होता काय? गाडी महिनाभर उभी होती काय? कोणी कांहीं दुरुस्ती केली होती काय? या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. कारण दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशीं उपटलेला दोष बहुधा त्याच जागीं, नीट न बसलेल्या नळीच्या वा जोडणीच्या रूपानें सांपडतो.

हकीगतीनंतरचा पहिला निवाडा असा, कीं इंजिनच दुबळें आहे, कीं त्याचें बळ वाटेंत सांडतें आहे? ही परीक्षा बिनखर्चाची, म्हणून ती सर्वांत आधीं. चढावर वरच्या गिअरमध्यें अ‍ॅक्सिलरेटर दाबला असतां इंजिनाचा आवाज व फेरे चढत जातात, पण गाडीचा वेग चढत नाहीं, असें झालें तर क्लच घसरत आहे. कित्येकदां जळक्या वासानेंही तो आपली ओळख देतो. याच्या उलट इंजिनाचे फेरेच चढेनासे झाले, तर इंजिनाकडे पाहावें किंवा गाडीला कोणी मागें ओढून धरलें आहे काय हें पाहावें. ओढून धरणारा असतो तो अडकलेला ब्रेक. दहा-बारा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न वापरतां गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न टेकवतां धरावा. एक चाक इतरांपेक्षां फार तापलेलें आढळलें तर चोर सांपडला. टायरांतील कमी हवाही गाडीला जड करते. ती मोजण्यास पांच मिनिटें पुरतात, तरीही ती बहुधा सर्वांत शेवटीं मोजली जाते.

एवढ्यानें कांहीं न सांपडलें तर इंजिनाच्या पांच दारांकडे वळावें. पहिलें दार हवेचें. हवेचा फिल्टर उघडून उजेडाकडे धरावा. धुळीनें भरला असेल तर बदलावा. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत असें दिसलें, कीं संगणकावर चालणाऱ्या पेट्रोल-गाड्यांत फिल्टर तुंबल्यानें इंधनाचा खर्च विशेष वाढत नाहीं, पण वेग घेण्यास लागणारा वेळ वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यांत आणखी एक उपद्रव असतो, तो उंदरांचा. कोरडी व ऊबदार जागा म्हणून उंदीर फिल्टरच्या पेटींत घर करतात, चिंध्या व कागद कोंबतात आणि जवळच्या वायरी कुरतडतात. पेटी उघडल्याखेरीज हें कळत नाहीं. फिल्टरपुढील रबरी नळीला चीर गेली असेल, तर संगणकाच्या हिशेबांत न धरलेली हवा आंत शिरते. आंत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली, तर संगणकाला हवा आहे त्याहून कमी भासते व तो पेट्रोलही कमी सोडतो. अशा वेळीं चोर पकडण्यासाठीं नवा सेन्सर घेण्याची घाई नको. त्याकरितां मिळणाऱ्या फवाऱ्यानें तो आधीं स्वच्छ करून पाहावा.

दुसरें दार इंधनाचें. पितळी स्टोव्हचा काळ ज्यांना आठवतो, त्यांना पिनेची आठवण असेलच. बारीक छिद्रांत कचरा अडकला, कीं ज्योत पिवळी व मंद होई, आणि पिन मारतांच ती पुन्हां निळी होई. इंजेक्टर म्हणजे तसेंच एक अतिसूक्ष्म छिद्र आहे, फक्त तें क्षणोक्षणीं उघडतें व मिटतें. टांकींतील पंप पेट्रोलला दाब देतो. साध्या पद्धतीच्या पेट्रोल-इंजिनांत तो बहुधा तीन ते चार बार असतो. पंप थकला, फिल्टर तुंबला किंवा पंपाला पुरती वीज पोंचली नाहीं, तर एक ठराविक चित्र दिसतें. गाडी जागेवर शांतपणें चालते, गांवांत ठीक धांवते, पण चढावर लादलेली असतांना धापा टाकते. कारण तेथेंच पेट्रोलची मागणी सर्वांत जास्त असते आणि पुरवठा तेवढा पुरत नाहीं. ही परीक्षा दाबमापकानें होते, अंदाजानें नव्हे. पेट्रोलची नळी सोडण्याचें काम मात्र जाणत्या माणसाचें आहे. उघड्या जागीं, जवळपास विस्तव नसतांना आणि आधीं नळींतील दाब उतरवूनच तें करावें.

तिसरें दार ठिणगीचें. प्लगच्या टोंकाशीं मिलिमीटरच्या आसपास फट असते, आणि ती ओलांडण्यास वीस हजार व्होल्टांहून अधिक दाबाची वीज लागूं शकते. प्लग झिजून फट वाढली किंवा कॉईल दुबळी झाली, तर कमी भारावर ठिणगी पडते, पण भार वाढतांच ती चुकते. यालाच कारागीर "मिसिंग" म्हणतात. त्याचा ठेका कानांना कळतो. इंजिन एका पायानें लंगडत असल्यासारखें हादरतें. चार सिलिंडरांपैकीं एक चुकलें तर जवळजवळ पाव बळ गेलें, आणि तिनांपैकीं एक चुकलें तर तिसरा हिस्सा. चालू इंजिनाच्या प्लगची वायर हातानें ओढून पाहण्याची जुनी रीत आतां सर्वथा टाकावी. ती जिवाला धोक्याची आहे, आणि न जळलेलें पेट्रोल पुढें जाऊन त्यानें दुसरी हानि होते, ती वेगळीच. काढलेल्या प्लगांचे रंग मात्र अवश्य पाहावे. फिकट तपकिरी टोंक निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळेपणा म्हणजे इंजिनाचें तेल आंत येत आहे. आणि चौघांत एकच वेगळा दिसला, तर दोष त्याच सिलिंडरापुरता आहे.

चौथें दार दाबाचें. प्लगच्या जागीं मापक बसवून प्रत्येक सिलिंडरांतील दाब पाहतात. येथें आंकड्यापेक्षां मेळ महत्त्वाचा. तीन सिलिंडरें सारखीं व चौथें फार खालीं असेल, तर त्यांत गळती आहे. मग त्या सिलिंडरांत चमचाभर इंजिन-तेल घालून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलानें त्यांची फट क्षणभर भरून निघाली. दाब तसाच राहिला तर संशय झडपांवर किंवा वरच्या गॅस्केटवर. सर्वच सिलिंडरांचा दाब सारखाच कमी असेल, तर झडपांच्या उघडझापीची वेळ सांभाळणारी साखळी वा पट्टा एखाद्या दांत्यानें सरकला आहे काय, हें पाहावें. एका चमच्या तेलानें इतका निवाडा होतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे इंजिन खोलण्याची घाई किती अकारण असते तें कळतें.

पांचवें दार निकासाचें, आणि तें बहुधा विसरलें जातें. भारतांतील चार महानगरांत नव्या पेट्रोल-मोटारींना १९९५ सालापासून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला. सायलेन्सरच्या आधीं बसवलेली ही एक जाळीदार विटेसारखी वस्तु असते. तिच्यांतील बारीक छिद्रांतून सारा धूर जातो. इंजिन मिसिंग करीत असेल, तर न जळलेलें पेट्रोल या विटेंत येऊन जळतें, वीट अति तापून वितळते आणि धुराची वाट बुजते. धुराडें बुजल्यावर चुलीचें जें होतें तेंच इंजिनाचें होतें. गाडी सुरू होते, हळूहळू चालते, पण फेरे चढूं देत नाहीं. इंजिनाच्या शोषनळीवर पोकळीमापक लावून फेरे अडीच हजारांवर स्थिर धरले असतां कांटा हळूहळू खालीं उतरत गेला, तर निकास तुंबल्याची ती चांगली खूण आहे. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. वीट आपण होऊन क्वचित् वितळते. मिसिंगचें मूळ न काढतां नवी वीट बसवली, तर तीही जुनीच्याच वाटेनें जाते, आणि ही वस्तु फार महाग आहे. अति तापलेल्या विटेचा आणखी एक धोका म्हणजे आग. पावसाळा सरल्यावर पठारावर वाळलेलें गवत उभें असतें; मिसिंग करणारी गाडी अशा गवतांत उभी करूं नये.

डिझेल-गाडीला ठिणगी लागत नाहीं; नुसत्या दाबानें तापलेल्या हवेंत इंधन पेटतें. बाकीचीं दारें तींच. तेथें टर्बोपासून इंजिनाकडे जाणारी नळी फाटली किंवा निसटली, तर बळ एकदम जातें, फुसकारा ऐकूं येतो व बहुधा काळा धूर दिसतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या नियमांमुळें नव्या डिझेल-मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो स्वच्छ होण्यास धूर पुरेसा तापावा लागतो. रोज दोन-चार किलोमीटरच फिरणारी गाडी तेवढी तापत नाहीं, फिल्टर भरत जातो आणि संगणक बळ आंखडतें घेतो.

आतां या संगणकाविषयीं. समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, म्हणजे संगणकानें कांहीं तरी टिपून ठेवलें आहे. दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करवावी. तो उघडझाप करीत असेल, तर मिसिंग इतकें वाढलें आहे कीं वर सांगितलेली वीट जळण्याच्या बेतांत आहे. तेव्हां वेग उतरवून सुरक्षित जागीं थांबावें. कित्येकदां संगणक इंजिनाच्या रक्षणासाठीं स्वतःच बळ कमी करतो. तेव्हां कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी एका मर्यादेपुढें जात नाहीं. स्कॅनर जोडला असतां एक सांकेतिक अंक वाचतां येतो. परंतु हा अंक बिघडलेल्या भागाचें नांव सांगत नाहीं, तर आढळलेली स्थिति सांगतो. "पी ०१७१" या अंकाचा अर्थ एवढाच, कीं इंजिनाला हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडत आहे. हवा जास्त शिरते म्हणून, कीं पेट्रोल कमी येतें म्हणून, हें त्या अंकांत नसतें.

तें ओळखण्याचीही युक्ति आहे. धुरांत उरलेला प्राणवायु पाहून संगणक पेट्रोलची मात्रा सारखी दुरुस्त करीत असतो, आणि ती दुरुस्ती किती टक्के झाली हें स्कॅनरवर दिसतें. नळीच्या चिरेंतून हवा शिरत असेल, तर गाडी जागेवर चालू असतांना दुरुस्ती मोठी दिसते, कारण तेव्हां मुळांत हवा थोडी असते व चोरटी हवा तिच्या मानानें मोठी ठरते. वेग वाढला म्हणजे दुरुस्ती उतरते. पेट्रोलचा पुरवठा दुबळा असेल, तर चित्र उलट. जागेवर सारें ठीक आणि भारावर दुरुस्ती चढत जाते.

एक उदाहरण घेऊं. समजा, वाईचा एक टॅक्सीवाला उतारूंना महाबळेश्वरास पोंचवतो. गाडीवर कर्ज आहे, हप्ता दरमहा भरावयाचा आहे, आणि घाटांत गाडी धापा टाकूं लागली आहे. एकजण पंप बदलावयास सांगतो, दुसरा सेन्सर. क्रमानें पाहिलें असतां असें दिसतें: इंजिनाचे फेरे वाढत नाहींत, म्हणजे क्लच घसरत नाहीं. चाकें सारखींच कोमट आहेत. ठेका चुकत नाहीं. हवेचा फिल्टर स्वच्छ आहे. स्कॅनर "पी ०१७१" दाखवतो. जागेवर दुरुस्ती तीन टक्के, चढावर वीस टक्क्यांच्या वर. संशय आतां पेट्रोलच्या पुरवठ्यावर येऊन ठेपला. दाबमापक लावल्यावर भार पडतांच दाब उतरतो, हेंही दिसलें. येथें पंप बदलण्याचा मोह होतो. परंतु आणखी एक माप उरलें आहे. चालू पंपाच्या टोंकाशीं वीज मोजली, तर बॅटरीपाशीं चौदा व्होल्ट असतांना पंपापाशीं अकराच पोंचत आहेत. वाटेंतील एक जोडणी पावसाच्या पाण्यानें गंजली आहे. ती घांसून व घट्ट बसवून गाडी पूर्ववत् चढूं लागते. नवा पंप घातला असता, तर त्यालाही अकराच व्होल्ट मिळाले असते आणि घाट तसाच नडला असता.

घाटांतच बळ गेलें तर काय करावें? पुढें काढण्याचा विचार सोडावा, चारी दिवे लुकलुकते करावे, खालचा गिअर घ्यावा आणि पहिल्या रुंद जागीं, वळण टाळून, बाजूस थांबावें. गाडी उताराला लागू नये म्हणून हातब्रेक ओढून चाकामागें दगड लावावा, आणि निघतांना तो दगड रस्त्यांतून काढावा. तापमानाचा कांटा वर गेला असेल तर इंजिन निवूं द्यावें. गरम रेडिएटरचें झांकण उघडूं नये, उकळतें पाणी तोंडावर येतें. घरीं तपासणी करतांना बंद खोलींत इंजिन चालवूं नये. धुरांतील विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं व वासही नाहीं.

शेवटीं मालकानें पाळावयाच्या तीन गोष्टी. एक लहानशी वही गाडींत ठेवून तींत दोष केव्हां, कोठें, कोणत्या गिअरमध्यें व किती भारावर दिसला हें लिहावें. मेस्त्रीला यासारखी मदत नाहीं. एका वेळीं एकच फेरफार करवावा; तीन भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कोणता दोषी होता हें कधींच कळत नाहीं व दोनांचे पैसे फुकट जातात. आणि भाग बदलण्यापूर्वीं, "हा बिघडला आहे हें कोणत्या मापावरून ठरलें?" असा प्रश्न सौजन्यानें विचारावा. जाणत्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाहीं. तो माप दाखवतो. जेथें माप दाखवलें जातें, तेथें गाडी निःशंकपणें सोंपवावी.